बेसबॉलमध्ये कमी पैशांचे संघ श्रीमंत संघांपुढे टिकतात तरी कसे?

तुम्ही विचारलंय की आयपीएलसारखी खर्चाची मर्यादा नसताना अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये छोटे संघ जिंकतात कसे. मर्यादा नाही हे खरं. ठरावीक रकमेच्या वर गेलं की कर भरावा लागतो, पण ज्याच्या खिशात पैसा आहे तो कर भरून मोकळा होतो.

ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. २००२ साली त्यांचा पगाराचा खर्च साधारण ४ कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. जिंकलेले सामने मात्र दोघांचेही १०३! पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार चेंडू झोनबाहेर, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतला पहिला, फुकट मिळतो. ही सोडायची कला त्या वेळी बाजारात स्वस्त होती, भाव होता तो लांब फटके मारणाऱ्यांना. चेंडू सोडण्यात तरबेज स्कॉट हॅटेबर्ग कोपराच्या दुखापतीमुळे कॅचर (बॅटरमागे उभा राहणारा, विकेटकीपरसारखा) म्हणून संपल्यातच जमा होता. ओकलंडने त्याला घेऊन फर्स्ट बेसवर फील्डिंगला उभं केलं. पण काही वर्षांत श्रीमंत संघही हेच मोजायला लागले आणि स्वस्त माल महाग झाला.

म्हणून मला टॅम्पा बे रेज जास्त शिकवून जातात. १९९८ ते २००७ या दहाही हंगामांत ते ९० किंवा जास्त सामने हरले. मग त्यांनी डेल्मन यंग हा नावाजलेला तरुण बॅटर देऊन पिचर मॅट गार्झा आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला महत्त्वाचा फील्डर) जेसन बार्टलेट आणले. तेव्हा फील्डिंगला फारसा भाव नव्हता. २००७ मध्ये त्यांनी ९४४ धावा दिल्या होत्या, २००८ मध्ये ६७१. यांकीजचा खर्च त्यांच्या चौपटीहून जास्त होता, तरी रेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत गेले आणि यांकीज प्लेऑफलाही पोचले नाहीत.

यामागे एक नियमही आहे. मेजर लीगमधली पहिली सहा वर्षं खेळाडू साधारणपणे त्याच संघाच्या हाती असतो, आणि त्यातली पहिली तीन किमान पगाराच्या जवळपास निघतात. त्यामुळे छोट्या संघाचा जीव तरुण पोरांत असतो. ईव्हान लाँगोरिया जेमतेम सहा सामने खेळला होता, तेव्हाच रेजनी त्याच्याशी सहा वर्षांचा, पावणेदोन कोटी डॉलरचा करार केला. त्याला लवकर खात्रीचा पैसा मिळाला आणि संघाला स्टार स्वस्तात.

माझ्या मते सगळ्यात अवघड भाग आहे तो सोडून देण्याचा. २०१८ मध्ये त्यांनी लाडका पिचर क्रिस आर्चर पिट्सबर्गला दिला आणि टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज, शेन बाझ असे तिघे मिळवले. भाव चढा असतानाच विकायचं, मग चाहत्यांना कितीही लागो. मलाही लागतं.

आणि पैसेवाले फक्त युक्त्या उचलत नाहीत, माणसंही नेतात. रेज उभे करणारा अँड्र्यू फ्रीडमन २०१४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच डॉजर्सपुढे रेज होते. सहावा सामना मी इथे पहाटे उठून पाहिला. ब्लेक स्नेलने ७३ चेंडूंत नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं होतं. तरी रेजचा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) केविन कॅशने त्याला सहाव्या इनिंगमध्ये काढलं, कारण पिचर तिसऱ्यांदा त्याच बॅटर्ससमोर आला की मार खातो असं आकडे सांगतात. पुढच्या काही मिनिटांत आघाडी गेली, सामना गेला, सिरीज गेली. त्या निर्णयाचा राग मला आजही आहे. पण याच हिशेबीपणाने त्यांना तिथवर आणलं होतं, हेही मला मान्य करावं लागतं.

दोन महिन्यांनी स्नेललाही सॅन डिएगोला देऊन टाकलं, बदल्यात चार तरुण खेळाडू घेतले. पुढच्या हंगामात रेजनी १०० सामने जिंकले.