अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक सामन्याआधीच्या राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर का बसायचा? सैनिकांचा अपमान करायचा होता का?

नाही. पोलिसांकडून कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अत्याचारांचा तो निषेध होता. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरुवातीला तो नुसता बाकावर बसून राहायचा. मग नेट बॉयर या माजी सैनिकाने (तोही अमेरिकन फुटबॉल खेळलेला) त्याला सुचवलं, बसण्यापेक्षा गुडघा टेक. गेलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे सैनिक तसंच करतात. म्हणजे ज्यावरून त्याला देशद्रोही ठरवलं, ती कल्पना एका सैनिकाचीच! १ सप्टेंबरला सॅन डिएगोत त्याच्याच संघातल्या एरिक रीडनेही त्याच्यासोबत गुडघा टेकला.

तो मोसम संपल्यानंतर मात्र कॅपरनिकला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या एकाही संघाने खेळवलं नाही. 'खेळ घसरला होता' हे कारण मला तरी पटत नाही, त्याच्याहून सुमार क्वार्टरबॅकना (संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, हीच कॅपरनिकची जागा) करार मिळत होते. संघांनी संगनमताने बाहेर ठेवल्याची लीगविरुद्धची त्याची तक्रार २०१९ मध्ये तडजोडीने मिटली.