‘मग त्येला सोताची बाग न्हाय व्हय?’

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही उंब्रजजवळचे. घरात तीन पिढ्यांची माळ आहे. माझी धाकटी मुलगी दीड वर्षापूर्वी नर्स म्हणून इंग्लंडला गेली. गेल्या महिन्यात अवेळी तिचा फोन आला. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने तिला बीपी बघू दिलं नाही. ‘तुझे काळे हात नकोत, आमच्यातली कुणी पाठव’ म्हणाला. बाकीचे पेशंट ऐकत होते, कुणी काही बोललं नाही. ती रडत होती. म्हणाली, ‘आई, आपण काय हलक्या जातीचे आहोत का, असं वागवून घ्यायला? रोज हरिपाठ म्हणतेस ना, तुझ्या त्या माउलीला हे दिसत नाही?’ मला उत्तर सुचलं नाही. गावात सप्ताह चालू होता, तिथल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, ज्याचं त्याचं पूर्वजन्मीचं संचित असतं. ते मी तिला सांगितलं, तर तिने फोनच ठेवला. आता धड बोलत नाही. देव एवढा मायाळू, तर माणसाच्या वाट्याला हे का? तिला मी काय सांगू?

उत्तर : ताई, फोन ठेवला ते बरं केलं तिने. मीही ठेवला असता.

तुम्ही माळकरी, मी दर रविवारी चर्चला जाणारी. पण मिरजेच्या एका दवाखान्यात छत्तीस वर्षं ड्यूटी केली आहे, त्यामुळे देवाबद्दलचं हे गाऱ्हाणं मी सगळ्या जातिधर्मांच्या तोंडून ऐकलंय, बहुतेक वेळा रात्री दोन ते चारच्या दरम्यान. आणि एकदा त्याला उत्तर द्यायचा शहाणपणाही केलाय. ते आधी सांगते.

नवीनच लागले होते. जतकडची एक बाई चार वर्षांच्या पोराला घेऊन आली. घटसर्प. घशात पांढरा पापुद्रा धरलेला, मान सुजलेली, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. उशीर झाला होता. पहाटे पोरगं गेलं. ती बाई रडेना, नुसती त्याच्या पायातला काळा दोरा बोटाने फिरवत बसली. मला ती शांतता सोसवेना, म्हणून मी रविवारच्या शाळेत शिकलेलं बोलून गेले, ‘देवाला चांगली फुलं आवडतात, म्हणून लवकर खुडून नेतो.’ तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘मग त्येला सोताची बाग न्हाय व्हय?’

त्या दिवसापासून मी कुणाला कारण सांगितलेलं नाही. पाणी दिलं, चहा मागवला, कागदपत्रं करून दिली, एसटीला पैसे दिले. कारण नाही.

तुमच्या महाराजांनी तुम्हाला कारण दिलं. वाईट हेतूने दिलं असेल असं मी म्हणत नाही, मीही नव्हतं दिलं. पण हे कारण कुणाच्या उपयोगाचं आहे बघा. पूर्वजन्मीचं संचित म्हटलं की ज्याने तुमच्या मुलीचा हात झिडकारला तो म्हातारा सुटला, गप्प बसलेला वॉर्ड सुटला. उरली फक्त तुमची मुलगी, न केलेल्या गुन्ह्याची आरोपी.

आमच्याकडे धुतल्या तांदळासारखं आहे असं समजू नका. अमेरिकेत गुलाम ठेवणाऱ्या भाविकांनी बायबलातलं एक कारण शोधून काढलं होतं, नोहाचा शाप. नोहाने द्राक्षबाग लावली (आमच्या तासगावकरांना वाचून बरं वाटेल), दारू पिऊन तंबूत उघडा पडला, मुलगा हाम याने ते पाहिलं, म्हणून शुद्धीवर आल्यावर त्याने शाप दिला. आफ्रिकेचे लोक म्हणे त्या हामाचे वंशज, तेव्हा गुलामी त्यांच्या नशिबातच. मी तो अध्याय कितीदा तरी वाचलाय. शाप हामाला नाहीच, त्याचा मुलगा कनान याला आहे. कातडीच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. आणि शाप देवाच्या तोंडचा नाही, नशा उतरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडचा आहे. त्यावर माणसांचे बाजार भरले.

त्याहून एक हकिकत मला जास्त बोचते. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी बायबलमधले वेचे छापले. त्यात योसेफ मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम म्हणून विकला जातो ती गोष्ट ठेवली. पण मोशे गुलामांना मिसरातून सोडवून बाहेर काढतो ती गोष्ट गाळली. कुणीतरी टेबलाशी बसून, बहुतेक आधी प्रार्थना करून, ती पानं काढली असणार. कशाला काढली? त्यांना नीट ठाऊक होतं की हा देव गुलामांच्या बाजूचा निघतोय. तरी अमेरिकेतल्या गुलामांपर्यंत मोशे पोचलाच. रानात चोरून भरणाऱ्या सभांमधून, गाण्यांमधून. मालकाने देव दिला आज्ञाधारक व्हायला, त्यांनी त्यातून दुसराच देव काढून घेतला.

बायबलात एक जन्मांध माणूस आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं? याचं की याच्या आईबापांचं? म्हणजे तुमच्या महाराजांचाच प्रश्न. येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. त्याच्या पुढच्या वाक्यावर पाळक तासभर प्रवचन देतात, माझं लक्ष मात्र त्यानंतरच्या कृतीवर जातं. तो जमिनीवर थुंकतो, चिखल कालवतो आणि त्या आंधळ्याच्या डोळ्यांना स्वतःच्या बोटांनी लावतो. नर्स म्हणून सांगते, यात स्वच्छतेच्या नावाने बोंब आहे. पण हात लावला.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. त्यावर मी दोन दिवस अडले, आणि ते गाळून उत्तर लिहावं असंही मनात आलं. ‘आपण काय हलक्या जातीचे आहोत का, असं वागवून घ्यायला?’

ताई, माझे आजोबा ज्यांना हलक्या जातीचे म्हणत त्यातले. बाप्तिस्मा झाला तरी गावच्या विहिरीला ते कळलं नाही. चर्चमध्येसुद्धा सोयरीक निघाली की अजून आवाज खाली करून विचारतात, ‘आधीचे कोण?’ म्हणून सांगते, तुमच्या मुलीने रडता रडता कबूल केलंय की असं वागवायची एक पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त ती दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेली होती. मी तिला दोष देत नाही, दुखलं की माणूस हाताला येईल तो शब्द उचलतो. पण तो शब्द हाताशी होता.

मसूरचं स्टेशन तुम्हाला लांब नाही. 1901 साली साताऱ्याहून आगगाडीने चार मुलं तिथे उतरली. वडिलांकडे निघालेली, नवे कपडे, डोक्यावर टोप्या. स्टेशनमास्तरांनी मायेने चौकशी केली. मुलं म्हणाली, आम्ही महार. मास्तरांचा चेहराच बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, तेव्हा एक जण तयार झाला. तोही असा की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. त्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे बाबासाहेब. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. हे मुलीला सांगा. टोमणा म्हणून नव्हे. तिला जे झालं ते तिच्या एकटीचं नाही, एवढं कळलं तरी छातीवरचं ओझं थोडं हलतं.

‘मग देव काय करत होता?’ आलाच प्रश्न परत. महापुराचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची खूण 45 ची. तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरून खालची कपाटं तरंगताना बघत होतो. त्याचा जाब मी देवाला अजून विचारते. पण मसूरच्या गाडीवानाचा, तुमच्या मुलीच्या पेशंटचा जाब देवाला कशाला? तिथे पाणी दोन हातांवर होतं. द्यायचं माणसाला होतं.

तरी मी विश्वास का ठेवते? गाऱ्हाणं न्यायला कुणाची तरी ओसरी लागते म्हणून. वर मायाळू कुणी नसेलच, तर त्या म्हाताऱ्याने केलं ते जगरहाटी म्हणून सोडून द्यावं लागेल, आणि माझं मन त्याला तयार नाही. जनाबाईने विठ्ठलाला काय कमी शिव्या दिल्यात? चोखोबा ‘मला दूर का ठेवलंस’ म्हणून त्याच्याच दारात उभे राहिले, आणि शेवट काय, तर मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर भिंत अंगावर कोसळली. ती भिंत देवाने धरली नाही. याचं कारण कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. तुमची मुलगी ‘तुझ्या माउलीला दिसत नाही का’ म्हणते ना? भांडतेय म्हणजे अजून दारातच आहे. तिला आत ओढू नका, हरिपाठ म्हण म्हणून मागे लागू नका.

कामाचं सांगते. त्या दिवसाची तारीख, वेळ, शब्दन् शब्द तिने लिहून काढावा आणि वॉर्डच्या प्रमुखांना लेखी द्यावा. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांना 2020 पासून अशी मुभा आहे, की जिवावरचा प्रसंग नसेल तर असं वागणाऱ्या पेशंटला उपचार नाकारता येतात. निदान नोंद तरी होईल. आमच्या वेळी नोंदवहीत असलं लिहायला रकाना नव्हता.

आणि तिला माझी एक गोष्ट सांगा, तिच्यापुरती. पुरुषांच्या वॉर्डात एक गृहस्थ होते, लिव्हर गेलेलं, पोटात पाणी झालेलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी बंद केलं. फीडिंग कप पुढे केला की त्यावर तळहात ठेवायचे. इंजेक्शन चालायचं. सुई चालली, पाणी चाललं नाही. अकराव्या दिवशी पहाटे ते गेले, घरचे अजून वाटेत होते. वॉर्डबॉयने आणि मी मिळून सगळं केलं. हनुवटीला पट्टी बांधली, पायाचे अंगठे बांधले, नाकात कापूस घातला. मग मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. तेव्हा ते नको म्हणू शकत नव्हते. मला आनंद झाला, ताई. इतका, की लागत होतं त्यापेक्षा जास्त वेळ मी पुसत राहिले. देवाला हे ठाऊक आहे, आणि आज तुम्हाला सांगितलं.