सोबत लहान मुलं आणि वयस्कर आई असताना समुद्रकिनाऱ्यावरचा दिवस कसा ठरवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन लहान मुलं, वयस्कर आई, पोहता कोणालाच धड येत नाही, जवळच्याच किनाऱ्यावर दिवस घालवायचाय, तर काय न्यावं आणि कशाची काळजी घ्यावी? सामानाची यादी कोणीही देईल. मी आधी वेळेचं सांगते, कारण दिवस बिघडतो तो बहुतेक तिथेच.

निघायची वेळ सगळ्यांचं आवरून कधी होतंय यावर सोडू नका, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ठरवा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभरात हा फरक जवळपास सहा तासांचा होतो. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळी पाणी पार आत गेलं होतं, या रविवारी त्याच वेळी ते भरतीला आलेलं असणार. "आम्ही नेहमी जातो, आम्हाला माहितीये" म्हणणारे इथेच फसतात. शिवाय पाणी एका चालीनं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढावाचा निम्मा भाग चढून मोकळं होतं. खडकांवर खेकडे बघत रेंगाळलेल्या लोकांची परतीची वाट बंद होते ती याच वेळात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खडकांकडे जाऊच नका.

मुलांना वाळूत खेळवायचं तर ओहोटीच्या आगेमागे जा, पुळण रुंद मिळते. पण ओहोटी म्हणजे निर्धोक, असं मात्र नाही. पाणी उतरताना बऱ्याच किनाऱ्यांवर रिप करंट जोर धरतो. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगानं समुद्रात परत जातं, तो हा प्रवाह. गंमत अशी (गंमत कसली!) की तो पट्टा दिसायला सगळ्यांत शांत असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधे गडद, सपाट पाणी, त्यावरून फेस आत चाललाय, असं दिसलं की तिथे उतरायचं नाही. नवखी माणसं नेमकी तीच जागा निवडतात. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. सापडलंच कोणी, तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. जोरात असेल तर तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी पडतो. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाच्या बाहेर पडावं. बघणाऱ्यानं मागोमाग उडी मारू नये. तरंगेल असं काहीतरी, अगदी बूच लावलेला रिकामा कॅन सुद्धा, त्याच्याकडे फेकावा आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

तुमच्यात पोहणारं कोणी नाही, म्हणून एक अट पक्की धरा: जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर मुलांना पाण्यात उतरवायचंच नाही. अनेक देशांत वरचा अर्धा लाल आणि खालचा पिवळा अशा दोन झेंड्यांमधलं पाणी जीवरक्षकांच्या नजरेखाली असतं. नुसता लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव. तुमच्या किनाऱ्यावर काय पद्धत आहे ते पोचल्या पोचल्या जीवरक्षकालाच विचारा.

तरी मुलांवर लक्ष तुमचंच हवं. बुडणारं माणूस ओरडतं, हात हलवतं, ही पडद्यावरची समजूत. खरं तर ते उभ्याचं उभं, तोंड कसंबसं पाण्याबाहेर काढत, गप्प असतं, आणि हे सगळं मिनिटाच्या आत उरकतं. "आम्ही सगळे होतो ना तिथे" याचा अर्थ बहुतेकदा कोणीच बघत नव्हतं असा असतो. म्हणून पाळी लावा: अर्धा तास एकानंच बघायचं, मोबाईल पिशवीत, आणि मुलं हाताच्या अंतरावर. हवेच्या रबरी ट्यूबवर भरवसा नको. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर ती मुलासकट आत जाते. अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट घ्या.

उन्हाचं थोडक्यात: दहा ते चार टाळा, सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. ढग आहेत म्हणून सुटका नाही. वाळूत मुलांनी खड्डा खणला तर तो सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल नको. हे ऐकून लोक हसतात, पण कोरडी वाळू ढासळली की आतल्या मुलाला उकरून काढायला फार वेळ लागतो. वाळूवर मेलेली जेलीफिश दिसली तरी हात लावू देऊ नका, ती तशीही डंख मारू शकते.

तुमच्या आईंसाठी सावली, खुर्ची, पाणी आणि नेहमीची औषधं. शेवाळ-काटक्यांची जी रेघ वाळूवर दिसते ती मागच्या भरतीची खूण, खुर्ची तिच्या बरीच वर मांडा. चालायला त्यांना ओली, घट्ट वाळू सोपी पडेल. पाण्यात पाय घालायचे असतील तर घोट्यापर्यंतच आणि कोणाचा तरी हात धरून, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते.

आणि निघायची वेळही आधीच ठरवा. जीवरक्षकांची ड्यूटी संपायच्या आत मुलांचे कपडे बदलून टाका. कोरडे कपडे घातलेलं मूल पाण्यात जायचा हट्ट करतंच, पण निदान आधी विचारतं तरी.