सहा कामगारांच्या वर्कशॉपला कामगार नुकसानभरपाई विम्याचा उपयोग काय?

"माणसं घरच्यासारखी आहेत, मग हप्ता कशाला भरायचा?" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमचा दादा दरवर्षी हेच म्हणायचा.

भोसरीत आम्हा दोघा भावांचं प्रेस शॉप होतं, म्हणजे यंत्रावर पत्रा दाबून-कापून भाग काढायचं वर्कशॉप. तीन पॉवर प्रेस, सात माणसं, वॉशर आणि क्लिपांचं जॉबवर्क. माणसं दहाच्या आत, त्यामुळे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही. एजंट वर्कमन पॉलिसीचा, म्हणजे याच कामगार नुकसानभरपाई विम्याचा, फॉर्म घेऊन यायचा, दादा त्याला चहा पाजून वाटेला लावायचा. 2021 च्या पावसाळ्यात, रात्रपाळीला, एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं डायखाली, म्हणजे प्रेसच्या साच्याखाली, गेली. अडकलेला पत्रा सोडवायला हात घातला आणि पाय पेडलवरच राहिला.

दादाने हॉस्पिटलचं बिल भरलं, रडलासुद्धा. आणि पंधरा दिवसांनी शंभरच्या स्टॅम्प पेपरवर 'चाळीस हजार मिळाले, तक्रार नाही' असं टाइप करून घेऊन आला. त्या कागदाला काडीची किंमत नाही. हक्क सोडून देणारा करार तेव्हा लागू असलेला 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा मानतच नव्हता.

हिशेब ऐका. पगार 14,000, त्याचे 60 टक्के 8,400. वय 35, त्याचा कायद्याच्या तक्त्यातला गुणक 197.06. एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईची 20 टक्के क्षमता गेली. तिन्हींचा गुणाकार झाला 3,31,061 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड.

मग दादाने 'गार्ड (हात डायखाली जाऊ न देणारा आडोसा) त्यानेच काढला' हे धरलं. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला तर मालक सुटतो, अशी पळवाट आहे खरी (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही नाही). पण आमचा गार्ड सहा महिने खिडकीत पडून होता. तासाला जॉब कमी निघतात म्हणून आम्हीच तो काढायला लावला होता. त्यावर चहाची किटली ठेवायचो, पट्टीवर तिच्या बुडाचा गोल उठला होता. मी हे वकिलासमोर बोललो, तेव्हापासून दादाच्या लेखी मी परक्याची बाजू घेणारा भाऊ. एक प्रेस विकून पैसे भरले.

तर उपयोग हा. विमा घ्या, नका घेऊ, भरपाई तुमच्या डोक्यावर आधीपासून आहेच. पॉलिसी फक्त ती कुणाच्या खिशातून जाणार एवढं ठरवते. आणि कामगाराला त्याच्या बोटांचे पैसे मालकाच्या मायेवर सोडावे लागत नाहीत. दादाची माया खोटी नव्हती, पण ती चाळीस हजारांवर संपली.

घेताना पगार खरे दाखवा. हप्ता वाचवायला कमी लिहिलेत तर क्लेमच्या वेळी तेच कागद तुमच्यासमोर येतील. ठेकेदाराची माणसंही त्यात घ्या, ठेकेदाराने हात वर केले तर जबाबदारी तुमच्यावर येते. दंडाची रक्कम विमा कंपनी भरत नाही, ती तुमचीच. आणि हो, 1923 चा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे, तेव्हा पॉलिसीवर कुठल्या कायद्याचं नाव आहे ते एजंटला विचारून घ्या. त्याला चहा पाजा, पण फॉर्म भरून घेतल्यावर.