हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड

प्रश्न : मी वास्कोला राहते, टीवायबीकॉमला आहे. बाबा गोवा शिपयार्डमध्ये वेल्डर आहेत. श्रीलंकेच्या नौदलासाठी बांधलेल्या ‘सयुराला’वर त्यांनी काम केलं. एवढासा देश एवढी जहाजं घ्यायचं ठरवतो कसं, पैसे आणतो कुठून, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे. यात करिअर होतं का? घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणतात, मला डिफेन्स स्टडीजमध्ये एमए करावंसं वाटतं.

उत्तर : ‘नेव्हीत कसं जाऊ?’ विचारणारी पत्रं माझ्याकडे ढिगानं येतात. नेव्हीचं बिल कोण भरतं, हे विचारणारी तू पहिलीच.

आधी कडू ते सांगते. श्रीलंकेनं कोणतं जहाज घ्यावं हे जिथे ठरतं, तिथे तुला खुर्ची नाही, ती त्यांच्या नागरिकांची. तुझी जागा विकणाऱ्याच्या किंवा कर्ज देणाऱ्याच्या बाजूला, नाहीतर आपल्याच नौदलाचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यात. पण तिथे बसून काही कामाचं बोलायचं असेल, तर घेणाऱ्याचं गणित तोंडपाठ हवं. म्हणून श्रीलंकाच घेऊ.

त्यांचं विशेष आर्थिक सागरी क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातल्या मासळीवर-खनिजांवर त्यांचाच हक्क तो पट्टा, सुमारे ५ लाख १७ हजार चौरस किलोमीटर, जमिनीच्या जवळजवळ आठपट. एवढ्या पाण्यावर एक जहाज कायम गस्तीला हवं, तर ठोकताळ्यानं तीन लागतात. एक समुद्रात, एक सराव-तयारीत आणि एक गोदीत दुरुस्तीला. इथेच नवशिक्याचं अंदाजपत्रक कोसळतं, कारण त्यानं एकाचेच पैसे धरलेले असतात.

मग जहाजं येतात मिळतील तिथून. २०१७ मध्ये ‘सयुराला’ आणि २०१८ मध्ये ‘सिंदुराला’ ही दोन कोरी करकरीत जहाजं तुमच्या वास्कोतून गेली. २०१९ मध्ये चीननं ‘पराक्रमबाहू’ दिलं. अमेरिकेच्या तटरक्षक दलातून निवृत्त झालेलं ‘गजबाहू’ आलं, तेही १९६८ पासून सेवेत असलेलं. जहाज फुकट मिळालं तरी ते चालवणं फुकट नसतं. तीन देशांची जहाजं म्हटल्यावर सुटे भाग तीन दिशांनी येणार, मेकॅनिकना तीन तऱ्हांनी शिकवावं लागणार. जहाजाच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत ढोबळमानानं एक-तृतीयांशच असते, असं धरतात. उरलेला पैसा इंधन, पगार, रंगरंगोटी, गोदी आणि सुट्या भागांत जातो.

आणि हे सुटे भाग डॉलरमध्ये. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण २०० श्रीलंकन रुपये पडत होते, मे महिन्यात ३६०च्या आसपास. पंप तोच, पुरवठादार तोच, अंदाजपत्रकातले रुपयेही तेच. पंप मात्र पावणेदोन पटीहून महाग. त्याच वर्षी एप्रिलमध्ये देशानं परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. अशा वेळी तोफेपेक्षा डिझेल महत्त्वाचं ठरतं.

बरं, पैसे असूनही भागत नाही. आयर्लंड श्रीमंत देश, पण २०२२ मध्ये त्यांनी तीन जहाजं सेवेतून काढली आणि न्यूझीलंडकडून दोन लहान, वापरलेल्या गस्ती नौका घेतल्या. चालवायला माणसंच पुरत नव्हती, त्यामुळे कमी खलाशांत भागेल अशा नौका त्यांना बऱ्या वाटल्या. योजना आखताना जहाजांच्या आधी माणसं मोजायची असतात, हे मी फार कमी लेखांत वाचलंय.

कर्जाची बाजू मॉरिशसवरून कळेल. त्यांच्याकडे नौदल नाहीच. तटरक्षक दल आहे, तेही पोलीस खात्यात. त्यांच्या ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ या गस्ती नौका गोवा शिपयार्डमध्येच बांधल्या. बाबांना विचार, त्यांना आठवतील. २०२१ मध्ये भारतानं मॉरिशसला संरक्षण खरेदीसाठी १० कोटी डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज, दिली. अशा कर्जाचा व्यवहार एक्झिम बँक, म्हणजे आयात-निर्यातीला पैसा पुरवणारी आपली सरकारी बँक, पाहते, आणि त्यातला मोठा हिस्सा भारतीय मालावर-सेवांवरच खर्चावा लागतो. म्हणजे कर्ज त्यांचं, काम आपल्या यार्डाला. यात वाईट काही नाही, पण ‘मदत’ हा शब्द वाचशील तेव्हा हे लक्षात असू दे.

आता तुझं. एमए आत्ताच करू नकोस. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे, विषयही रंगतदार आहे, पण जहाजाची किंमत फोडून दाखवणारा माणूस त्यातून तयार होत नाही. बीकॉमनंतर थेट सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सच्या इंटरमीडिएटला नाव घाल. पोलादाचे टन, वेल्डरचे तास, स्टील कटिंगपासून डिलिव्हरीपर्यंतचे हप्ते, हे कॉस्टिंगवाल्याचं रान आहे, आणि सरकारी शिपयार्डांत अशा जागा निघतात. घरच्यांच्या बँकेच्या हट्टालाही तोड आहे. एक्झिम बँकेचं मुख्यालय मुंबईत कफ परेडला आहे. तिथल्या मॅनेजमेंट ट्रेनी जागांना सहसा एमबीए फायनान्स किंवा सीए मागतात, तेव्हा जाहिरात नीट वाच. तिसरी वाट यूपीएससीतून भारतीय संरक्षण लेखा सेवा. नौदलाचे हिशेब पाहणारं त्यांचं कार्यालयही मुंबईतच आहे. ही वाट लांबची आणि बेभरवशाची, म्हणून सीएमए हातात ठेवूनच धर. एका मुलाला मी याच्या उलट सांगून बसले होते. त्याची चार वर्षं गेली, त्याची रुखरुख अजून आहे.

या महिन्यात एक कर. एक्सेलमध्ये एक काल्पनिक गस्ती नौका मांड, २५ वर्षांची. खरेदी, खलाशी, डिझेल, दर काही वर्षांनी गोदी. मग डॉलरचा रकाना २०० वरून ३६० कर आणि कोणत्या वर्षी पैसे संपतात ते बघ. गोदीत जहाज किती दिवस अडकतं आणि का, हे बाबांकडून ऐकून लिही, आकडा नेटवरून उचलू नकोस. फाइल मला पाठव. चुका असतीलच, त्या लाल करून परत देईन.