जीपीए ३.०५, आता मेडिकलचं काय?

गेल्या दोन महिन्यांत आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत, जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) कमी असताना मेडिकल कसं करायचं, म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. भारतातल्या वाचकांसाठी आधी एवढंच, की इथे अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं (काही मोजके जोडकोर्स सोडले तर). आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा), मग मेडिकल स्कूलची चार वर्षं, मग रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण). आणि इथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागेची पहिली डिग्री, आपल्याकडची पोस्ट ग्रॅज्युएट एमडी नव्हे. माझी आजी नाशिकहून फोनवर दर वेळी विचारायची, अगं चार वर्षं शिकलीस ना, मग आता पुन्हा कॉलेज कसलं? तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी नापास झालेय आणि आई लपवतेय. अगदीच चूक नव्हती ती.

प्रश्न : ताई, मी बायोलॉजी घेऊन मे महिन्यात ग्रॅज्युएट झाले. जीपीए ३.०५. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली, ऑर्गॅनिक केमिस्ट्रीला सी मायनस होता, तो विषय परत घेतला तर बी प्लस आला. नंतरची दोन वर्षं बरी आहेत. कॉलेजच्या ऍडव्हायजर म्हणाल्या कमिटी लेटर (कॉलेजचं एकत्रित शिफारसपत्र) मिळणार नाही, पब्लिक हेल्थचा विचार कर. बाबा म्हणतात यंदाच अप्लाय करून टाक, बघू काय होतं ते. एमकॅट अजून दिलेली नाही. काय करू? — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : यंदा नको करूस. बाबांना माझं नाव सांग.

"बघू काय होतं ते" हे मी स्वतः करून बसलेय. माझा जीपीए ३.०८ होता, ऑगस्ट संपत आला तेव्हा बावीस कॉलेजांना अर्ज टाकले आणि इंटरव्ह्यू आले शून्य. बहुतेक ठिकाणी ऍडमिशन रोलिंग असते, म्हणजे जूनमध्ये अर्ज टाकणारे आधी वाचले जातात आणि इंटरव्ह्यूच्या जागा भरत जातात, मी पोचले तेव्हा पंगत उठायला आली होती. आजच्या दराने पहिल्या कॉलेजला पावणेदोनशे डॉलरच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाला पन्नासच्या जरा आत, वर प्रत्येकाची सेकंडरीची (कॉलेजच्या स्वतःच्या दुसऱ्या अर्जाची) वेगळी फी, बावीस ठिकाणचे म्हणजे आरामात तीन हजारांच्या पुढे जातात. आणि पैसे गेले ते गेलेच, पण पुढच्या वर्षी परत अर्ज केला की बरीच कॉलेजं विचारतात, मागच्या वेळेपासून काय बदललं? तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी हातात लागतं.

आता तुझे आकडे बघू. तुझं ३.०५ हे कॉलेजचं गणित आहे. एमडीचे अर्ज ज्या एएमकास नावाच्या सामायिक अर्जसेवेतून जातात ते स्वतःचं गणित करतात आणि त्यात परत घेतलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड धरतात, जुना पुसला जात नाही. तुझ्या कॉलेजने तो सी मायनस काढून टाकला असेल तर एएमकास तो परत आत घेणार. १२० क्रेडिट ३.०५ ने धर, त्यात चार क्रेडिटचा सी मायनस टाक, येतं ३.०१. म्हणजे बरोब्बर काठावर, आणि अनेक ठिकाणी ३.० च्या खालचा अर्ज माणसाने वाचायच्या आधीच बाजूला पडतो. म्हणून पहिलं काम हे, की एक एक्सेल शीट उघड, ट्रान्सक्रिप्टवरचा प्रत्येक विषय त्यात भर, आणि सायन्सचा जीपीए वेगळा काढ, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ. तोही वेगळा बघितला जातो.

मग पोस्ट-बॅक, म्हणजे डिग्रीनंतर घेतलेले जादा विषय. त्यासाठी मोठ्या नावाचा प्रोग्रॅम लागतोच असं नाही, जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री म्हणून नाव घालून वरच्या लेव्हलचे विषय घेतले तरी चालतं, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी वगैरे. ३० क्रेडिट घेतले आणि सगळीकडे ए आला तर तुझा एकूण जीपीए ३.०१ वरून कुठे जातो माहितीये? ३.२०. बस. वर्ष-दीड वर्ष घाम गाळून एवढंच, कारण खाली १२४ क्रेडिटचं ओझं आहे. पण सायन्सचे समज ५० क्रेडिट आहेत २.८ ने, तर तेच ३० क्रेडिट त्याला ३.२५ पर्यंत ओढतात. आणि वाचणाऱ्याला ट्रान्सक्रिप्टवर सरळ दिसतं की ही मुलगी आधी गडगडली, मग सावरली आणि गेलं दीड वर्ष एकही बी नाही. तुझी शेवटची दोन वर्षं बरी आहेत असं तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस, अगं तेच तर तुझं भांडवल आहे.

पण त्याआधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर मला नाही, स्वतःला दे. पहिली दोन वर्षं का बिघडली? माझं कारण अगदी साधं होतं, शाळेत न अभ्यास करता मार्क पडायचे त्यामुळे अभ्यास कसा करतात हेच येत नव्हतं. नोट्स पाच-पाच रंगांत हायलाइट करायचे, म्हणजे पान रंगपंचमीसारखं, आणि परीक्षेत कोरा कागद. जुने प्रश्न सोडवून स्वतःची परीक्षा घ्यायला लागले तेव्हा फरक पडला. तुझं कारण नोकरी असेल, घरातलं असेल, डिप्रेशन असेल, जे असेल ते आधी निस्तर, नाहीतर पोस्ट-बॅकमध्ये पण बी मायनस येतील आणि तेव्हा मात्र खरंच अवघड होतं.

दुसरा रस्ता एसएमपी, स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम. यात एक वर्ष मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे विषय असतात, काही ठिकाणी तर मेडिकलच्या मुलांसोबत त्याच परीक्षा. जॉर्जटाऊनचा प्रोग्रॅम १९७० च्या दशकापासून चालू आहे. महाग प्रकरण आहे. शिवाय हे ग्रॅज्युएट मार्क, वेगळ्या रकान्यात बसतात, तुझा अंडरग्रॅड जीपीए त्याने दशांशानेही हलत नाही. तिथे चमकलीस तर फार वजन पडतं, पण तिथे घसरलीस तर झाकली मूठ उघडी. तुझ्या जागी मी आधी पोस्ट-बॅक करून मगच याचा विचार करीन.

एमकॅट घाईत देऊ नकोस. ४७२ ते ५२८ मध्ये स्कोअर असतो, एमडीला प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास आणि त्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या पुढे. त्यामुळे तुझ्यासारखीला सरासरीच्या वरच जायला हवं. वर्षात तीनदा, दोन वर्षांत मिळून चारदा आणि जन्मात सातदाच देता येते, आणि आधीचे स्कोअर कॉलेजांना दिसतात. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षेत हवा तो आकडा ओळीने तीन-चारदा आला की मगच तारीख घे.

ऍडव्हायजर बाईंचं मनावर घेऊ नकोस, म्हणजे लेटर मिळणार नाही एवढी माहिती घे आणि सल्ला सोड. कमिटी लेटर नसेल तर प्रोफेसरांची वेगवेगळी पत्रं बऱ्याच ठिकाणी चालतात, पोस्ट-बॅकमधल्या प्रोफेसरांची तर घेच. आणि मधल्या काळात क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट किंवा स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी) म्हणून काम कर. मी दिवसा रक्तदाब मोजायचे आणि संध्याकाळी साडेसहाला बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात बसायचे, डबा गाडीत खायचे, गाडीला कायम लसणाच्या चटणीचा वास.

प्रश्न : नमस्कार. आमच्या मुलाचा जीपीए ३.२ आहे, एमकॅट ५०६. यावर्षी कुठेच झालं नाही. पुण्यातले दीर म्हणतात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करून घ्या. इथले एक ओळखीचे म्हणतात कॅरिबियनला लगेच घेतात. कोणी डीओ पण सुचवलं, पण ते खरे डॉक्टर असतात का? मुलगा ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) आहे. — प्लेनो, टेक्सस

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो माझ्यावरच आहे. मी डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन आहे. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनीही हळूच विचारलं होतं, हे होमिओपॅथीसारखं असतं का गं? नाही हो. अमेरिकेत डीओला पन्नासही राज्यांत पूर्ण लायसन्स मिळतं, औषधं, सर्जरी, सगळं. २०२० पासून एमडी आणि डीओची रेसिडेन्सी एकाच व्यवस्थेखाली आहे. आम्हाला वर हाडं-स्नायूंची हाताने तपासणी आणि उपचार शिकवतात, ज्याचा उपयोग मला मुख्यतः नातेवाइकांच्या पाठदुखीसाठी होतो. डीओ कॉलेजात सरासरी जीपीए-एमकॅट दोन्ही एमडीपेक्षा खाली असतात, म्हणजे तुमच्या मुलाला एमडीपेक्षा तिथे जास्त संधी आहे. त्याने एखाद्या डीओ डॉक्टरकडे शॅडोइंग (सोबत राहून काम बघणं) करून पत्र घ्यावं, काही कॉलेजं ते मागतात.

पुण्याचं म्हणाल तर दिरांना वाटतं तितकं ते सरळ नाही. एनआरआय कोट्यालाही नीट ही प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते. इथल्या हायस्कूलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तिन्ही झालेले हवेत, समकक्षतेचं सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना एनआरआयच्याच जागा ठेवल्या होत्या, पण त्याआधी ओसीआय झालेल्यांना सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये त्यातून वगळलं. मग साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे चार वर्षांची डिग्री बाजूला ठेवून पुन्हा पहिलीपासून. आणि इतकं करून परत इथेच यायचं असेल तर यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा आणि रेसिडेन्सीची मॅच, म्हणजे जागावाटप, आहेच. २०२४ च्या मॅचमध्ये इथल्या एमडी आणि डीओ कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या पुढे मुलांना जागा मिळाली, बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना साधारण ६७ टक्के. कॅरिबियनही याच दुसऱ्या गटात मोडतं. तिथे ऍडमिशन पटकन होते हे खरं, पण किती मुलं भरती झाली आणि त्यातली किती वेळेत बाहेर पडून रेसिडेन्सीला लागली हे लेखी विचारा. फक्त मॅच झालेल्यांची टक्केवारी सांगतील, मधेच गळलेल्यांचं कोण सांगणार. काहींचं चांगलं झालंय, माझ्यासोबत काम करणारे दोघे तिकडचेच आहेत. पण डीओचा प्रयत्न न करता तिकडे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि तुम्ही टेक्ससला राहता हे तुम्ही एका शब्दात उरकलंत! तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्या राज्यातली मुलं जास्तीत जास्त दहा टक्के, बाकी सगळ्या जागा टेक्ससवाल्यांना. त्यांचा अर्ज वेगळा असतो, टीएमडीएसएएस नावाचा, आणि तो प्लस-मायनस धरत नाही, म्हणजे ए मायनस पण पूर्ण ए. अर्थात बी प्लसचा पण बी होतो, त्यामुळे मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर काय जास्त आहे ते मोजा. (चाळिशीतल्या एका वाचकाने विचारलंय त्यांच्यासाठी, टेक्ससच्या रहिवाशांना दहा वर्षांपूर्वीचे सगळे कॉलेजचे मार्क बाद करून घेता येतात, ऍकॅडमिक फ्रेश स्टार्ट म्हणतात. पण सगळे म्हणजे सगळे, चांगलेही जातात आणि ते विषय परत करावे लागतात.)

५०६ वर मात्र काम करायला हवं. मागच्या वेळचा अर्ज तसाच तारीख बदलून पाठवू देऊ नका. आणि एक विचारू का, पत्र तुम्ही लिहिलंत, दिरांचं मत कळलं, ओळखीच्यांचं कळलं, मुलाला काय हवंय ते पत्रात कुठेच नाही.

प्रश्न : माझे सेकंड इयरचे मार्क पडले कारण बाबांची बायपास झाली होती, मी दर वीकेंडला घरी जायचो. हे पर्सनल स्टेटमेंटमध्ये (अर्जातल्या निबंधात) लिहू का? मसुदा सोबत पाठवतोय. सहानुभूती मागतोय असं वाटेल का? — नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : लिही, पण दोन ओळी. पर्सनल स्टेटमेंटला ५,३०० कॅरेक्टर्स मिळतात, स्पेस धरून, आणि तिथे त्यांना कळायला हवं की तुला डॉक्टर का व्हायचंय. मार्कांचा खुलासा करायला बऱ्याच कॉलेजांच्या सेकंडरीत वेगळी जागा असते, तिथे कर. तुझ्या मसुद्यात "त्या कठीण काळाने मला आयुष्याचं खरं मोल शिकवलं" असं आहे, ते काढ, कोणाच्याही अर्जात चिकटवता येईल असं वाक्य आहे ते. त्याऐवजी सरळ लिही, दुसऱ्या वर्षी वडिलांची बायपास झाली, एक सेमिस्टर मी दर शुक्रवारी घरी जायचो, त्यात फिजिक्सला सी आला, पुढच्या चार सेमिस्टरमध्ये माझा जीपीए अमुक. पूर्णविराम.

खाली तू सहज लिहिलंयस की बाबांच्या गोळ्यांचा तक्ता तू मराठीत करून फ्रिजवर लावला होतास, कारण आजीला इंग्रजी वाचता येत नाही आणि दुपारचा डोस तीच द्यायची. स्टेटमेंट तिथून सुरू कर. मसुदा दुरुस्त करून परत पाठव, फक्त "लहानपणापासून माझं स्वप्न होतं" ही पहिली ओळ तेवढी कापून.