४० हजारांत घरचा एकमेव कॉम्प्युटर म्हणून कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुमचा प्रश्न वाचून मला माझंच २०२० सालचं घर आठवलं. नाशिकरोडला राहता, मुलगी अकरावीत, धाकटा सातवीत, तुम्ही संध्याकाळी घरबसल्या दोन दुकानांची टॅली आणि जीएसटी रिटर्न बघता, आणि घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. दुकानदार म्हणतो आय-सेव्हन घ्या, मेहुणे म्हणतात गेमिंगचा घ्या.

दोघांचंही ऐकू नका. गेमिंगचा तर नकोच. त्या बजेटात तो बसत नाही, आणि बसलाच तर कोणाचा तरी वापरून पिळलेला असतो.

मी इंजिनिअर नाही, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. लॉकडाऊनमध्ये घाईघाईत सगळ्यात स्वस्तातला नवा लॅपटॉप उचलला होता. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. ती साठवण म्हणजे एसएसडी (लॅपटॉपची वेगवान साठवण) नव्हे, ईएमएमसी, मोबाईलमध्ये असते तशी बोर्डाला चिकटवलेली. वर्षभरात विंडोजच्या अपडेटलाही जागा उरेना. मुलाचा क्लास दहाला असायचा. मी पावणेदहाला बटण दाबून कुकर लावायला जायचे, दोन शिट्ट्या झाल्या तरी पडद्यावर ते टिपक्यांचं चक्र फिरतंच. तेव्हापासून घरचे, माहेरचे आणि ऑफिसातले मिळून पाच लॅपटॉप मीच बघून घेतलेत.

आधी एक गोष्ट ठरवा: हा लॅपटॉप घराबाहेर जाणार आहे का? मुलगी दीड वर्षाने कॉलेजला तो घेऊन जाणार असेल तर नवा घ्या. टेबलावरच राहणार असेल, तर मी तुमच्या जागी कंपन्यांतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घेतला असता, थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक, आणि वाचलेल्या पैशांत २२ इंची मॉनिटर. चार माणसांनी रोज वापरायच्या यंत्राला मोठा पडदा लागतो. लॅपटॉपच्या १४ इंचांवर टॅलीचं लेजर आणि एक्सेल शेजारी शेजारी उघडून बघा, डोळे काय ते सांगतील. मग डेस्कटॉपच का नाही, असं कोणीतरी विचारेलच. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, आणि रिटर्नची शेवटची तारीख काही लाईटसाठी थांबत नाही. लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस.

आता दुकानदाराचा आय-सेव्हन, म्हणजे इंटेल कंपनीचा एक प्रोसेसर. हा शब्द ऐकून घाबरायचं नाही, आणि हुरळून तर मुळीच जायचं नाही. त्याच्या पुढचा आकडा विचारा. आय-फाइव्ह ८३५०यू म्हणजे आठवी पिढी, ११३५जी७ म्हणजे अकरावी, १२३५यू म्हणजे बारावी. चौथ्या-सहाव्या पिढीतले आय-सेव्हन आजही सेकंडहँड बाजारात फिरतायत, पण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्ही त्याच यंत्रावरून बँक आणि जीएसटीचं पोर्टल उघडणार. म्हणून जुना घेतलात तरी आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. जमलं तर दहावी-अकरावी बघा.

रॅम ८ जीबी ही सुरुवात धरा. क्रोममध्ये मुलीचे दहा टॅब, शेजारी टॅली आणि एखादा व्हिडिओ एवढ्यातच ती भरते. १६ असेल तर पुढची चार-पाच वर्षं बघायला नको. त्यामुळे रॅम वाढवता येते का, हे विकत घेण्याआधीच बघा. काही स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते. रायझन थ्री ७३२०यू असलेल्या मॉडेलांत तर नेहमीच, कारण तो प्रोसेसर फक्त तसलीच रॅम घेतो. स्टिकरवर ८ जीबी लिहिलं असेल तर मरेपर्यंत ८ जीबी. दुकानातच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘१ ऑफ २’ दिसलं की एक जागा रिकामी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं की रॅम चिकटवलेली आहे.

साठवण एसएसडीच हवी, तीही ५१२ जीबी. विंडोजमध्ये ती ४७६ दिसते. माझ्या सासऱ्यांनी यावरून दुकानदाराशी अर्धा तास भांडण केलं होतं! फसवणूक नसते ती. कंपनी हजाराच्या हिशोबात मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

पडदा मात्र हाताने तपासा, कारण तिथेच स्वस्त लॅपटॉप काटछाट करतात. १९२० बाय १०८० पेक्षा कमी नको, आणि आयपीएस हवा, म्हणजे कुठूनही बघितलं तरी चित्र नीट दिसणारा. तपासायची युक्ती सोपी आहे: पडद्यावर एखादा माणसाचा फोटो उघडा, समोरून बघा, मग खुर्चीतून उठून वरून बघा, मग झाकण थोडं मागे पाडा. चेहरा काळपट किंवा निगेटिव्हसारखा दिसू लागला तर तो टीएन पॅनल. घरी दोन मुलं शेजारी बसून व्हिडिओ बघणार, त्यातल्या एकाला कायम भूत दिसेल.

जुना घेणार असाल तर बॅटरीचा अहवाल काढल्याशिवाय पैसे देऊ नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची ताकद) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) असे दोन आकडे एकाखाली एक असतात. मी गेल्या वर्षी भावासाठी एक बघितला, वरून अगदी चकाचक, पण पहिला आकडा ५० हजार आणि दुसरा १९ हजार. दुकानदार म्हणाला, ‘ताई, एवढं तर चालतंच.’ मी म्हटलं, मग नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. केले त्याने.

यंत्र एकदा बंद करून परत चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. पासवर्ड मागितला तर उठा तिथून, आधीच्या कंपनीचं कुलूप अजून लागलेलं आहे. विंडोज सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेटेड दिसतंय ना, तेही पाहा. पाचशे रुपयांत विंडोजची किल्ली टाकून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बिलावर जीएसटी नंबर आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर दोन्ही हवेत. नवा घेतलात तर तोच सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते तिथल्या तिथे बघा.

तुमच्या कामाचं म्हणून आणखी एक. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल वापरत असाल तर लॅपटॉपची भोकं मोजा. माउस, डोंगल, प्रिंटर, पेनड्राइव्ह असं सगळं जुन्या चौकोनी यूएसबीचंच असतं. बारीक दिसणाऱ्या लॅपटॉपला असं भोक कधीकधी एकच मिळतं. मॉनिटर लावायचा तर एचडीएमआय हवंच.

जुना घेतलात तर पैशांचं गणित मी असं मांडेन: लॅपटॉपला साधारण पंचवीस हजार, मॉनिटरला सात-आठ, वेगळा कीबोर्ड-माउस हजारभर, आणि उरलेल्यातून १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क. ही शेवटची वस्तू गाळू नका. एकच कॉम्प्युटर म्हणजे टॅलीचा डेटा, दहावीच्या मार्कशीटचं स्कॅन आणि लग्नाचे फोटो सगळे एकाच डब्यात.

घरी आणल्यावर मुलांची खाती वेगळी करा, त्यांना ॲडमिन देऊ नका. आमच्याकडे लॅपटॉप पूजेच्या जुन्या पाटावर ठेवलेला असतो, म्हणजे पडदा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि खालून हवाही लागते. दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असाल तर त्या कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय बऱ्याचदा असते, ती आधी चालू करा. माझ्या आधीच्या लॅपटॉपला ती सोय असूनही मी कधी बघितलीच नाही. एक दिवस टचपॅड क्लिक होईना. नीट पाहिलं तर तो मधून टम्म वर आलेला, खाली बॅटरी पुरीसारखी फुगली होती. असं दिसलं तर लगेच बंद करा, चार्जर काढा आणि दुकानात न्या. घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका.

एम.जी. रोडला जाणार असाल तर घरून तुमचा डोंगल आणि टॅलीच्या डेटाची पेनड्राइव्ह सोबत न्या, आणि पैसे द्यायच्या आधी दोन्ही त्याच यंत्राला लावून बघा.